एक नंबर मोठा

माझी आई सरकारी दवाखान्यात नर्स होती. ड्यूटी संपली की ती छावणीत दोन-चार घरी इंजेक्शन द्यायला, ड्रेसिंग करायला जायची. वडील वाळूजला कंपनीत शिफ्टवर असत आणि सुट्टीच्या दिवशी देवगाव रंगारीला शेतावर. घरी मला बघायला कोणी नसल्यामुळे संध्याकाळी आई मला बरोबर घेऊन जायची. त्यातल्या एका घरात एका फौजी अधिकाऱ्याची आई होती, तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं. आई आत जखम बांधायची आणि मी बाहेर ओट्यावर बसून राहायचे.

त्या घराला लागून एक लांबट खोली होती. अधिकाऱ्याची बायको तिथं मुलींना बॅले शिकवायची. तिचं लहानपण दार्जिलिंगकडं आणि नंतर कोलकात्यात गेलं होतं, नाच तिथंच शिकली होती. मुली सगळ्या अधिकाऱ्यांच्या. मी दारातून बघत असे. एके दिवशी ती बाहेर आली आणि हिंदीत म्हणाली, नुसती बसून काय करतेस, आत येऊन उभी राहा. मी आत जाऊन उभी राहिले. तेव्हा मी तिसरीत असेन.

बॅले म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. आईलाही नव्हतं. तिला तो व्यायामाचा प्रकार वाटला आणि तसा तो आहेच. म्हातारीचा पाय बरा झाला, ड्रेसिंग संपलं, तरी आई मला तिथं सोडत राहिली. त्या वेळात तिला बाकीची घरं उरकता येत. याहून मोठं कारण त्यामागं असेल असं मला वाटत नाही.

आम्ही बाईंना मॅम म्हणायचो. त्या आवाज चढवत नसत, पण हट्टी होत्या. सगळ्या मुलींचं लक्ष पॉइंटच्या बुटांवर असायचं. हे बूट वरून गुलाबी सॅटिनचे आणि आतून दगडासारखे कडक असतात. पुढच्या टोकाशी कापड आणि सरस यांचे थर बसवून एक डबी केलेली असते, तळव्याखाली टणक पट्टी असते. त्या डबीत बोटं घालून बोटांच्या टोकांवर सगळं शरीर उभं करायचं. मॅम कोणालाही ते बूट लवकर घालू देत नसत. घोटे दाबून बघत, एका पायावर उभं करून बघत आणि अजून वेळ आहे म्हणत. काही मुलींचे वडील बदलून गेले, मुली गेल्या, तरी त्यांची वेळ आली नाही.

मी सहावीत असताना माझी वेळ आली आणि त्याच सुमाराला मॅमच्या नवऱ्याची बदली झाली. जाण्याआधी त्यांनी आईला बोलावून घेतलं, माझं पाऊल मोजून बुटाचा नंबर सांगितला आणि बजावलं की हे बूट मुंबईत मिळतील, पण मुलीला घेऊन जा. पायात घालून, उभं राहून, जाणकार माणसाला दाखवूनच घ्या. आईनं मान हलवली.

आईला रजा मिळाली नाही. माझी परीक्षा तोंडावर होती. शहागंजात लेस, फॉल, रिबिनी विकणारे एक दुकानदार होते, त्यांच्या बायकोचा भाजलेला हात आईनं घरी जाऊन महिनाभर बांधला होता. ते माल आणायला मुंबईला जात. आईनं त्यांच्यावर काम सोपवलं. दुकानाचा पत्ता मॅमनी दिला होता, तो सांगितला. नंबर सांगताना मात्र एक वाढवून सांगितला.

"वाढतं पाऊल हाये," ती म्हणाली. "एक नंबर मोठाच आणा."

मी शेजारी उभी होते. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. शाळेचे बूट, दिवाळीचा फ्रॉक, स्वेटर, सगळं असंच घेतलं जायचं. आमच्याकडं पंधरा वर्षांच्या आतल्या कोणाही मुलाच्या अंगावर मापाची वस्तू कधी नव्हती. कपडा अंगाला बसायला लागला की तो धाकट्या भावंडाकडं जाण्याची वेळ झालेली असायची.

दुकानदारांनी बूट आणले. आम्ही घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी एक बूट काउंटरवर ठोकून दाखवला. ठक ठक आवाज आला.

"बहनजी, इसमें तो लकड़ी भरेली है," ते म्हणाले. "बच्ची इसकू पहन के चलेगी कैसा?"

चालायचं नाही, उभं राहायचं असतं, असं आईनं त्यांना समजावलं. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. पण पायाला गुंडाळून बांधायच्या फिती त्यांनी रंग जुळवून स्वतःच्या दुकानातल्या कापून दिल्या.

मॅम रविवारी फोनवर शिकवायच्या. त्यांची नवी बदली थंड प्रदेशात झाली होती. स्क्रीनवर त्या शालीत दिसायच्या आणि मधूनमधून चित्र गोठायचं. आमच्या घरी मोकळी जागा म्हणजे स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यातला बोळ. खाली शहाबादी फरशी होती आणि धरायला खिडकीचे गज. मी फोन पाण्याच्या पिंपावर ठेवायचे. त्यात माझे गुडघे नीट दिसत, टाच नीट दिसत नसे.

पहिल्याच आठवड्यात फोड आले. बोटांच्या पाठीवर बारीक, टाचेवर मोठे, अंगठ्याच्या कडेला एक पाणी भरून टच्च फुगलेला. बुटात पाऊल पुढं घसरायचं आणि सगळा भार अंगठ्यावर यायचा. टाच मागं खालीवर व्हायची, तिथली कातडी सोलली जायची. मी मॅमना दुखतं म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, सुरुवातीला दुखेल, बूट नरम होईपर्यंत. त्या सगळ्यांना हेच सांगत असणार आणि सगळ्यांच्या बाबतीत ते खरंच असणार.

फोड आईच्या खात्यात गेले. संध्याकाळी आल्यावर ती हातपाय धुवायची, मला पलंगाच्या काठावर बसवायची, पाय मांडीवर घ्यायची. त्या वेळी तिचा चेहरा वॉर्डातला असायचा. दुखतं का, असं ती विचारत नसे. दुखणारच, त्यात विचारायचं काय, असा तिचा हिशेब.

फोड कधी फोडायचा नाही, हा तिचा पहिला नियम. "वरची कातडी म्हंजी फुकटचं बँडेज," ती म्हणायची. फारच तटतटला तर स्पिरिटात बुडवलेली सुई कडेनं घालायची, पाणी हलकेच दाबून काढायचं आणि कातडी तशीच खाली बसू द्यायची. कातडी आधीच गेली असेल तर मिठाच्या पाण्यानं धुवायचं, मलम, गॉज, वरून पट्टी. पट्टीचे कोपरे ती कात्रीनं गोल कापायची. चौकोनी कोपरा बुटात घासून उचलला जातो, गोल उचलला जात नाही.

बोटांना मऊ काहीतरी हवं म्हणून तिनं आधी औषधाच्या दुकानातला कापूस घातला. तो घाम पिऊन अर्ध्या तासात दगड व्हायचा. मग ती देवगावचा, आमच्याच शेतातला कापूस घेऊन आली. सरकी हातानं काढलेला, न धुतलेला. तो पाणी धरत नाही, म्हणून दबून बसत नाही. हा उपाय चांगला होता. पुढं कळलं की दुसरीकडं यासाठी मेंढीची लोकर वापरतात, कारण तीच. आई दर महिन्याला थोडा जास्त कापूस भरायची आणि तो मावायचा. एवढी जागा बुटात आहे कशी, हा प्रश्न आमच्या दोघींच्याही डोक्यात आला नाही.

वडिलांनी एकदा माझे पाय पाहिले. म्हणाले, रानात राबल्यावाणी झालेत, आणि चहा मागितला. शाळेत मला चप्पल घालायची परवानगी मिळाली. पावसाळ्यात जखमा वाळत नसत, उन्हाळ्यात लवकर वाळत. मला या सगळ्याचा राग येत नसे, रडूही फारसं येत नसे. मोबाइलवर मी मोठमोठ्या नर्तकींचे पाय बघितले होते. कोणाचं नख काळं, कोणाच्या बोटांना पट्ट्या. आपले पाय तसे व्हायला लागले म्हणजे आपण त्या रस्त्याला लागलो, असं मी धरून चालले होते. मॅमचे फोन हळूहळू कमी झाले. त्यांना तिथं नेटवर्क नसायचं, मग त्यांना मूल झालं. मी बोळात एकटीच करत राहिले. बूट मऊ पडले की आई त्याच दुकानदारांकडून दुसरे मागवायची, दर वेळी एक नंबर मोठे.

दिवाळीच्या सुट्टीत मी देवगावला काकूकडं गेले. कापूस वेचणी चालू होती. टाचेला पट्टी होती तरी मी काकूबरोबर रानात जात होते, कारण घरात एकटीनं बसून काय करायचं. सकाळी दव असायचं. काळी माती चपलेत घुसायची, पट्टी ओली व्हायची आणि दिवसभर तशीच राहायची. दोन-तीन दिवसांनी मला थंडी वाजून ताप आला. काकूनं पट्टी काढली, जखम धुतली, हळद भरली आणि मला निजवलं. दुसऱ्या दिवशी घोट्याच्या वर लाल दिसायला लागलं तेव्हा तिनं आईला फोन केला.

आई सकाळच्या पहिल्या एसटीनं आली. दारात चप्पल काढून सरळ माझ्याजवळ बसली. बोटानं दाबून बघितलं. मग पर्समधून बॉलपेन काढलं आणि जिथपर्यंत लाली चढली होती तिथं माझ्या पायावर गोल रेघ ओढली. काकूनं विचारलं, हे कशाला. आई म्हणाली, आता ही रेघ ओलांडली का नाय ते समजतं. आम्ही शहरात पोचेपर्यंत लालीनं रेघ ओलांडली होती.

मला आईच्याच दवाखान्यात ठेवलं. सलाईनमधून औषधं दिली. डाव्या अंगठ्याच्या नखाखालीही पू झाला होता, ते नख काढलं. आईच्या मैत्रिणी येऊन विचारायच्या, हे कशानं झालं. आई सांगायची, नाच शिकते. एक वयस्कर सिस्टर म्हणाल्या की पोरीच्या जातीला पाय असे करून कसं चालेल, बंद करा ते. आई त्यांना म्हणाली, तिला विचारते.

आणि तिनं खरंच विचारलं. दुपारी वॉर्ड शांत असताना, युनिफॉर्ममध्येच, माझ्या खाटेशी उभी राहून.

"सोडायचंय का?"

मी नाही म्हणाले.

"बरं. मग पाय बरा व्हईस्तोवर बूट माझ्यापाशी राहतील."

तिनं ते कपाटात तिच्या साड्यांखाली ठेवले. डॉक्टरांनी परवानगी दिली त्या दिवशी मी न मागता काढूनही दिले. ती मला थांबवू शकली असती आणि मी थांबलेही असते, म्हणून तिनं ते का दिले हे मला बरीच वर्षं कळलं नाही. एकदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, पेशंटला नको म्हणलं की तो चोरून करतो आणि मग जास्तच बिघडवून येतो. माझ्यासमोर केलेलं बरं.

दहावी झाल्यावर पुण्यात एका नृत्यशाळेत उन्हाळी वर्ग होता. कोणाला घ्यायचं हे आधी बघून ठरवणार होते. आई रजा काढून माझ्याबरोबर आली. शिकवणारे गृहस्थ पन्नाशीचे, बारीक, केस मागं बांधलेले होते. परदेशात बरीच वर्षं नाचून आलेले. त्यांनी मला आधी सरावाच्या मऊ कापडी बुटांत बघितलं. मग पॉइंटचे बूट घालायला सांगितलं. मी कापूस भरला, फिती बांधल्या, भिंतीलगतच्या बारला, आडव्या दांड्याला, धरून वर उठले. त्यांनी खाली यायला सांगितलं, माझ्या पायाशी बसले आणि टाचेमागचं सॅटिन चिमटीत धरलं. चिमटीत बरंच कापड आलं. मग त्यांनी बूट काढायला लावला आणि आतला कापूस बाहेर ओढला. तो येतच राहिला.

"हा बूट हिचा नाही," ते म्हणाले. "कोणी घेतला?"

आई भिंतीशी खुर्चीवर बसली होती. बाकीच्याही दोन-तीन आया होत्या.

"मी," ती म्हणाली. "एक नंबर मोठा घेतला. वाढतं पाऊल व्हतं."

ते रागावले नाहीत. त्यांनी नीट समजावून सांगितलं. हा बूट पायाला कातडीसारखा बसावा लागतो. डबीनं पाऊल सगळीकडून धरलं तर भार वाटला जातो. सैल असेल तर पाऊल आत घसरतं आणि सगळं वजन एका अंगठ्यावर येतं. फोड घासल्यानं येतात, आणि घासतं ते सैल असल्यामुळं. थोडंफार दुखणं सगळ्यांनाच असतं, पण हे ते दुखणं नव्हे. दुसऱ्या कुठल्याही बुटाला एक नंबर मोठा चालला असता, असंही ते म्हणाले. मला वाटतं ते आईला बरं वाटावं म्हणून.

आईनं सगळं ऐकून घेतलं. एक-दोन प्रश्न विचारले, योग्य तेच. माझी निवड झाली. नवे बूट त्यांच्यासमोर मापून घ्यायचं ठरलं.

परतीच्या बसमध्ये मला खिडकी मिळाली. नगर मागं पडेपर्यंत आई डोळे मिटून बसली होती. मला वाटलं, तिला झोप लागली. मग ती म्हणाली, "तू कधी बोलली नाय ते?"

"काय बोलायचं? सगळेच म्हणायचे दुखणार."

तिनं समोरच्या सीटचा दांडा धरला.

"वॉर्डात कोणी दुखतंय म्हणलं का आम्ही आधी बघतो, कशानं," ती म्हणाली. "तुझं मी कधी बघितलंच नाय. नुसतं बांधत गेले."

मी तिला म्हणाले की मॅमनाही कळलं नव्हतं. तिनं मान हलवली, पण ते उत्तर तिनं घेतलं नाही हे मला दिसलं. मी सोळा वर्षांची होते आणि खरं सांगायचं तर तेव्हा मी वेगळ्याच विचारात होते. इतकी वर्षं मी ज्याला माझी मेहनत समजत होते, त्यातला बराचसा भाग नुसता चुकीचा नंबर होता. फोडांचा मला थोडा अभिमान होता. तो आता कुठं ठेवायचा ते समजेना.

नवे बूट हातात घेतल्यावर अगदीच लहान वाटले. पाऊल आत जाईल का अशी शंका आली. ते गेलं आणि सगळीकडून धरलं गेलं. मी बारला हात लावून वर उठले आणि पहिल्यांदाच पायाखाली काहीतरी ठाम आहे असं वाटलं. आधी मी स्वतःला बुटातून वर ओढत असे, आता बूट मला उचलत होता. दुखलं, पण वेगळं. घोट्यात, पोटरीत, तळव्यात. संध्याकाळी वसतिगृहावर पाय बघितले तर एक छोटा फोड करंगळीवर. त्याचे लाड करण्यासारखंही काही नव्हतं.

ते गृहस्थ मात्र एक गोष्ट स्पष्ट बोलले. अंगठ्याच्या सांध्याचं जे झालं ते झालं. तो बाहेरच्या बाजूला वळला होता आणि नखाची मुळंही दुखावली होती. नाचता येईल, पण रोजचे आठ-आठ तास, वर्षानुवर्षं, हा पाय सोसणार नाही. मला वाटलं होतं त्यापेक्षा मी ते शांतपणे ऐकलं. घरी फोनवर आईला सांगितलं नाही. वर्ग संपवून घरी गेले तेव्हा तिनं स्वतःच पाय हातात घेऊन सांधा फिरवून बघितला, आणि तिला सांगायची गरज उरली नाही. ती पाय खाली ठेवून उठली आणि वरणाला फोडणी दिली.

मी पुण्यातच कॉलेज केलं आणि नृत्यशाळेत जात राहिले. दुसऱ्या वर्षी आमचा कार्यक्रम झाला. मला एक छोटा एकल नाच मिळाला होता, पॉइंटवर. वडील कंपनीतून येऊ शकले नाहीत. आई रात्रपाळी करून सकाळची बस धरून आली, दुपारभर माझ्याबरोबर हिंडली, माझ्या फितीचे टाके तपासले, एक सैल होता तो उसवून पुन्हा घातला. संध्याकाळी तिसऱ्या रांगेत बसली. मी स्टेजवर आले तेव्हा दिव्यांमुळं पुढचं काही दिसत नव्हतं. नाच बरा झाला. एका वळणावर थोडी डळमळले, बाकी सगळं जागेवर होतं.

नंतर मी मेकअप पुसून बाहेर आले. आई पायऱ्यांवर उभी होती, हातात माझी पिशवी.

"बघितलंस?" मी विचारलं.

"सुरुवात बघितली," ती म्हणाली. "मंग डोळा लागला. टाळ्या वाजायला लागल्या तव्हा शेजारच्या बाईनं उठवलं."

तिला वाईट वाटत होतं की नाही ते कळत नव्हतं. मला वाईट वाटलं नाही. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं आणि सकाळी पुन्हा ड्यूटी होती. बसस्टँडवर जाण्याआधी आम्ही एका हॉटेलात बसून पोळीभाजी खाल्ली. तिनं विचारलं की स्टेजवर फरशी असते का लाकूड. लाकूड, मी सांगितलं. ते बरं, ती म्हणाली, आणि कांदा आणायला सांगितला.

नोकरी लागल्यावर दोन-तीन वर्षांत पॉइंट सुटलं. कधी सुटलं ते नेमकं सांगता येणार नाही. आधी आठवड्यातून दोनदा होतं, मग एकदा, मग सणासुदीत खंड पडला तो पडलाच. आता मी परत आमच्याच शहरात एका विमा कार्यालयात काम करते. रविवारी सकाळी कॉलनीच्या सभागृहात सात-आठ मुलींना मऊ बुटांत उभं राहायला शिकवते. त्यातल्या दोघींचं चांगलं आहे. बाकीच्या येतात, हसतात, भूक लागली म्हणतात, आणि दहा वाजता त्यांचे वडील स्कूटरवरून घ्यायला येतात.